पुरात मंडळीने गल्लीसाठी काय तयारी ठेवावी? किटमध्ये बायबलवचनाची छापील पत्रिका घालावी का?

कृष्णाकाठ:
जय ख्रिस्त. सांगलीजवळच्या गावात आमची साठ घरांची ख्रिस्ती मंडळी (चर्च) आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. यंदा आधीच तयारी करायची आहे, आणि ती फक्त सभासदांपुरती नको, अख्ख्या गल्लीसाठी हवी. पंच कमिटी दोन गोष्टींवर अडली आहे: किटमध्ये काय घालायचं, आणि सोबत पत्रिका द्यायची का.

शिधापेटी:
पाणी चढलेलं असताना कोरडा शिधा देऊ नका. शेगडी भिजलेली असते, पीठ दोन दिवसांत कुबट होतं. तेव्हा चिवडा, भाजके शेंगदाणे, गूळ, बिस्किटं आणि पिण्याचं पाणी लागतं. पाणी ओसरलं की चार माणसांना सात दिवस पुरेल असं द्या: तांदूळ ५ किलो, कणीक ५ किलो, तूरडाळ दीड किलो, तेल १ लिटर, साखर १ किलो, मीठ, तिखट, हळद, चहा. काडेपेटी वेगळ्या पिशवीत घट्ट गुंडाळा. सॅनिटरी पॅड नेहमी विसरतात, ते महिला मंडळाकडे सोपवा.

तांदळासाठी मिझोराममधल्या मंडळ्यांची रीत घ्या: प्रत्येक स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला. ५० ग्रॅमची मूठ दोन वेळा धरली तर साठ घरांतून रोज ६ किलो, महिन्याला १८० किलो. साठवून ठेवू नका, कीड लागते; दर महिन्याला जुना वापरून नवा भरा.

पाळक_निवृत्त:
पत्रिका पिशवीत नको. उपाशी माणसाच्या हातात अन्नासोबत कागद दिला की तो नाही म्हणू शकत नाही, आणि मदतीला अट आहे असा अर्थ निघतो. पुढे गल्लीत तेवढीच गोष्ट लक्षात राहते. बायबलात याकोब २:१५-१६ मध्ये उघड्या आणि उपाशी माणसाला नुसतं ‘ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणण्याचं मोल काय, एवढंच विचारलं आहे. कुणी आपण होऊन विचारलं तर १ पेत्र ३:१५ प्रमाणे सौम्यतेने सांगा. प्रार्थना मागितली तरच करा. यादी आशाताई आणि अंगणवाडी सेविकेला सोबत घेऊन घरांच्या क्रमाने बनवा, जातधर्माचा रकाना ठेवू नका. घेणाऱ्यांचे फोटोही नकोत, मत्तय ६:३ आठवा: उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये.

येशूच्या दाखल्यातल्या शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूची मलमपट्टी करून हात झटकले नाहीत. उतारशाळेवाल्याला पैसे दिले आणि परत येताना उरलेलं देतो म्हणाला. किट वाटल्यावर दहाव्या दिवशी पुन्हा दार ठोठावणं हीच खरी सुवार्ता. बहुतेक मंडळ्या इथेच थकतात.

फावडं_घमेलं:
तरुण संघाने चिखल काढायची घाई करू नये. तलाठ्याचा पंचनामा होण्याआधी घर धुतलं तर नुकसानीचा पुरावा जातो आणि कुटुंबाचं अनुदान अडकतं. आधी भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं धान्य, भांडी यांचे तारखेसह फोटो त्या कुटुंबाच्याच मोबाईलवर काढा. मग मेन स्विच बंद आहे ना ते पाहून गमबूट घालूनच आत जा, पायाला जखम असणाऱ्याने चिखलात उतरू नये. लेप्टोची (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाची) भीती असते, ताप आला तर लगेच आरोग्य केंद्रात. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणि टॉयलेट क्लीनर एकत्र कधीच नको, विषारी वायू सुटतो.

कृष्णाकाठ:
पत्रिकेचा प्रश्न मिटला, पाळकसाहेब. फावडंभाऊ, उपासनालयाच्या आवारातल्या विहिरीत टीसीएल किती टाकायची? गल्लीतले लोक तिथलं पाणी भरतात.

फावडं_घमेलं:
स्वच्छ पाण्याला १००० लिटरमागे अडीच ग्रॅम, तीही चांगल्या ताज्या पावडरीची. पुरानंतर एवढी पुरत नाही, गढूळपणाच क्लोरीन खाऊन टाकतो. आधी विहीर उपसून गाळ काढा. पावडर बादलीत कालवून निवू द्या, वरची निवळी तेवढी ओता, खालचा चुना नको. तासाभराने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का याची तपासणी, करून घ्या. पिवळा रंग आला तरच बादली भरू द्या.