मुलांच्या स्मरणचित्रातून क्षितिजरेषा का हरवते आहे?

प्रश्न (चित्रकला शिक्षक, धुळे)
इंटरमीजिएट या शालेय चित्रकला परीक्षेच्या सरावासाठी ‘आठवडी बाजार’ हा विषय स्मरणचित्राला दिला, तेव्हा बऱ्याच मुलांनी कागद उभा धरून बाजार थेट वरून दाखवला: ताडपत्र्यांचे चौकोन, त्यांमधून जाणारी वाट आणि माणसांच्या जागी नुसती डोकी; जमीन-आकाश जेथे मिळतात ती क्षितिजरेषा कोठेच नाही. ही मुले आईबरोबर त्याच बाजारात पायी फिरतात, तरी तो त्यांना ड्रोनने टिपल्यासारखा आठवतो. मोबाइल-टीव्हीच्या पडद्यामुळे अवकाशाची जाणीव बदलते, असे समकालीन कलेविषयी नेहमी म्हटले जाते. ती नेमकी कशी बदलते, हे कोणी उदाहरण देऊन सांगू शकेल काय? आणि ही चित्रे दुरुस्त करावीत की तशीच राहू द्यावीत?

उत्तर (कलाशाखेची विद्यार्थिनी, जळगाव)
सर, अमेरिकन कलावंत ब्रूस नॉमन यांचे 1970 मधील ‘लाइव्ह-टेप्ड व्हिडिओ कॉरिडॉर’ हे मांडणशिल्प, म्हणजे आत शिरून अनुभवायची कलाकृती, येथे उपयोगी पडेल. जेमतेम वीस इंच रुंदीच्या लांबलचक बोळाच्या टोकाला एकावर एक दोन टीव्ही ठेवलेले असतात. एकावर रिकाम्या बोळाचे आधी केलेले चित्रण चालू असते, तर दुसऱ्यावर प्रवेशापाशी उंचावर लावलेल्या कॅमेऱ्याचे थेट दृश्य दिसते. टीव्हीकडे जावे तसतसे आपण कॅमेऱ्यापासून लांब जातो, त्यामुळे पडद्यावर आपलीच पाठमोरी आकृती लहान होत जाते. पाय सांगतात की जवळ आलो आणि डोळे सांगतात की दूर चाललो. पाहणारा डोळा आपल्या देहाबाहेर ठेवता येतो, हे मला त्यातून पटले. आपल्या विद्यार्थ्यांचा डोळाही तसाच बाहेर, बाजाराच्या वर जाऊन बसला आहे.

उत्तर (छायाचित्रकार, चाळीसगाव)
सगळा दोष पडद्याला देऊ नये, असे मला वाटते. आमच्या गावचे केकी मूस टेबलावर लहानसहान वस्तू मांडून त्यांची अशी छायाचित्रे घेत, की पाहणाऱ्याला विस्तीर्ण निसर्गदृश्यच वाटावे. मोजमापाला ओळखीची वस्तू चौकटीत ठेवली नाही आणि कॅमेरा टेबलाच्या पातळीवर आणला, की हातभर जागेचा मुलूख होतो. मोबाइलने नवीन काही केले असेल, तर हा खेळ सर्वांच्या हाती दिला, इतकेच.

उत्तर (निवृत्त कलाशिक्षक, भुसावळ)
अजिंठा आपल्याला तासा-दोन तासांच्या अंतरावर आहे, म्हणून लिहितो. तेथील भित्तिचित्रांत एकाच दृष्टिबिंदूचा आग्रह नाही. एकाच भिंतीवर मंडप एका कोनातून दिसतो, तर शेजारचा प्रसंग दुसऱ्याच उंचीवरून. म्हणून वरून पाहणे हे काही पाप नव्हे. फरक असा, की लेण्यात माणूस भिंतीलगत चालतो आणि दृश्य त्याच्या पावलांबरोबर उलगडते. मोबाइलवर माणूस बसून राहतो आणि दृश्यच सरकते. तेव्हा, सर, चित्र वरून काढले म्हणून ओरडू नका, पण बाजारात कोठे उभा होतास, एवढे मुलाला जरूर विचारा.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. याच बाजाराचे दुसरे चित्र भाजीवालीच्या बसल्या उंचीवरून काढायला सांगतो आणि दोन्ही कागद शेजारी लावतो. परीक्षेत मात्र तूर्त क्षितिजरेषाच काढा, असे सांगावे लागेल. तपासणाऱ्यांच्या नजरेवर माझा भरवसा नाही.