किराणा कुठे स्वस्त पडतो? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून

(पुण्यात सिंहगड रोडवरची तीन विंगची सोसायटी, एप्रिल महिना. सुप्रभात, फुलं आणि फॉरवर्ड तेवढे गाळले आहेत.)

अमृता (बी-४०२): नमस्कार. आम्ही फेब्रुवारीत अकोल्याहून इथे राहायला आलो. महिन्याचा किराणा तुम्ही सगळे कुठून भरता? कोपऱ्यावरून आणलं की बिल बघून घाम फुटतो. घरात पाच माणसं, आणि सासूबाईंना दोन्ही वेळा वरण लागतंच.

संजय कदम (ए-१०३): डी-मार्ट. विषय संपला.

सुनंदा काकू (सी-३०४): संजय, मागच्या रविवारी तूरडाळ आणायला गेलास आणि काय घेऊन आलास, ते पण सांग की तिला.

संजय कदम (ए-१०३): काकू 🙏

सुनंदा काकू (सी-३०४): तीन बादल्या आणि पायपुसणी. डाळ राहिली. संध्याकाळी तुझी बायको माझ्याकडून वाटीभर घेऊन गेली.

रोहन (ए-६०१): मी सगळं ॲपवरून मागवतो. कूपन लावलं की बरं पडतं.

वैद्य वहिनी (बी-५०३): बरं पडतं म्हणजे डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून दोन चिप्सची पाकिटं टाकायची, आणि वर हाताळणीचे पैसे वेगळे. माझा मुलगाही हेच करतो रे.

कुलकर्णी काका (बी-२०१): अमृता, कुठे स्वस्त हे एका दमात सांगता येणार नाही. काय घ्यायचं, किती घ्यायचं आणि कोणत्या महिन्यात, ते आधी ठरवा. साबण, टूथपेस्ट, बिस्किटं अशा छापील किमतीच्या मालाला संजयचं म्हणणं बरोबर आहे, तिथे छापील किमतीवर सूट मिळते. धान्य, डाळ, तेल यांचं गणित निराळं. तेलाचं उदाहरण देतो, जरा लांबेल.

सेक्रेटरी मॅडम: बी विंगसमोर पांढरी स्विफ्ट कोणाची आहे? टँकर अडलाय.

रोहन (ए-६०१): माझी. आलो.

कुलकर्णी काका (बी-२०१): तर तेल. दुकानात दोन पाउच शेजारी ठेवलेत. एक १३६ रुपयांना, एक १४३ ला. माणूस १३६ चा उचलतो. पाठीमागे बारीक अक्षरात वाचा. पहिल्यात ८५० ग्रॅम, दुसऱ्यात १ लिटर म्हणजे ९१० ग्रॅम. पहिलं पडलं १६० रुपये किलो, दुसरं १५७. पाउचचा आकार इतका सारखा असतो की हातात घेऊनही कळत नाही. पूर्वी तेल, डाळ, पीठ अशा वस्तूंची पाकिटं ठरावीक वजनातच काढावी लागत. २०२२ पासून ती सक्ती उठली, आणि त्याऐवजी दर किलोला किंवा दर ग्रॅमला काय पडतं ते छापायचं बंधन आलं. गंमत अशी की किलोच्या आतल्या पाकिटावर हा दर ग्रॅममागे असतो. ०.१६ रुपये वाचून कोणाच्या डोक्यात काय प्रकाश पडणार? हजाराने गुणा.

अमृता (बी-४०२): काका, हे मी कधीच बघितलं नव्हतं 😳

शबाना ताई (सी-१०२): काका बरोबर बोलले. डब्यातही तेच आहे. माझ्या मेसला महिन्याला तेलाचे डबे लागतात. एक दुकानदार १५ किलोचा डबा देतो, दुसरा १५ लिटरचा. १५ लिटर म्हणजे साधारण १३ किलो ६५० ग्रॅम. १ किलो ३५० ग्रॅमचा फरक. भाव विचारायच्या आधी किलो की लिटर ते विचारायचं.

संजय कदम (ए-१०३): ताई, तुम्ही माल कुठून उचलता?

शबाना ताई (सी-१०२): मार्केट यार्ड, गुलटेकडी. भाजीचा भाग नाही, भुसार बाजार, म्हणजे धान्य-डाळींचा. पण सांगते, दोन किलो डाळीसाठी तिकडे जाऊ नका. जाण्या-येण्याचं पेट्रोल, पार्किंगची बोंब, हमाली, सगळं धरलं तर इथल्या वाण्याकडेच स्वस्त. पोतं घ्यायचं असेल तरच परवडतं. आणि पहिल्या गाळ्यावर घेऊ नका. तीन-चार ठिकाणी मूठभर माल हातावर घेऊन बघा, चावून बघा.

अमृता (बी-४०२): आमच्याकडे अकोल्याला ओळखीच्या डाळमिलमधून बाबा वर्षाची तूरडाळ एकदम आणायचे. इथे पॅकेटमधली आणली तर चार शिट्ट्या झाल्या तरी शिजत नाही.

शबाना ताई (सी-१०२): चकचकीत दिसली म्हणून घेतली असणार. पॉलिशवर जाऊ नका. बिनपॉलिशची डाळ मागा, आणि नवी की जुनी ते विचारा. किलोमागे पाच रुपये वाचवून गॅस दुप्पट जाळला तर काय उपयोग? मी आधी अर्धा किलो आणते, शिजवते, मगच पोतं सांगते.

रोहन (ए-६०१): सरकारची ती भारत डाळ मिळते ना स्वस्तात? गाडी येते म्हणे.

कुलकर्णी काका (बी-२०१): २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा ६० रुपये किलो होती, पण ती चणाडाळ. अमृताच्या सासूबाईंना तुरीचं वरण हवंय. आणि गाडी दारात उभी राहील त्या दिवशी घ्या, तिच्या भरवशावर महिना काढू नका.

सुनंदा काकू (सी-३०४): अगं, आत्ता एप्रिल चाललाय. हेच दिवस आहेत साठवणीचे. गहू आत्ता घे, सिहोर घे नाहीतर लोकवन, तुमच्या घरात पोळी कशी आवडते त्यावर. ज्वारी मालदांडी, मंगळवेढ्याची मिळाली तर डोळे मिटून घे. मिरचीचंही हेच, ब्याडगी रंगाला आणि तिखटाला थोडी लवंगी. हळकुंडं सांगलीची. कांदा भरायचा तर उन्हाळी. तो लाल कांदा दिवाळीनंतर येतो, तो साठवायचा नाही, कोंब येतात आणि सडतो. तांदळाची मात्र तुझी वेळ गेली. इंद्रायणी, आंबेमोहोर जानेवारीत घ्यायचा आणि जरा मुरू द्यायचा. नव्या तांदळाचा भात गिच्च होतो.

सुनंदा काकू (सी-३०४): डाळीला एरंडेल चोळायचं, गव्हात कडुनिंबाचा सुकवलेला पाला. ओला नाही हं.

वैद्य वहिनी (बी-५०३): सगळं खरं, पण काकू, ते निवडायचं, वाळवायचं, चोळायचं कोणी? पुरुष मंडळी पोतं स्वस्तात आणल्याचं सांगतात आणि चाळण आमच्या हातात देतात. त्या वेळाचे पैसे कोण धरतो?

संजय कदम (ए-१०३): म्हणूनच डी-मार्ट 😄

रोहन (ए-६०१): मी निवडीन वहिनी.

वैद्य वहिनी (बी-५०३): स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

कुलकर्णी काका (बी-२०१): गव्हाचं गणित करताना दळणाचे पैसेही धरा. तरीही बंद पिशवीतल्या पिठापेक्षा स्वस्त पडतो असा माझा अनुभव. शिवाय एक गोष्ट, जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील बंद पाकिटातल्या धान्य-डाळी-पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या मालावर नाही. २५ किलोच्या वरच्या पोत्यावरही नाही. तांदळाचं पोतं २६ किलोचं का येतं, असं मागे जावईबापूंनी विचारलं होतं. ते यामुळे.

अमृता (बी-४०२): पण काका, २६ किलो तांदूळ ठेवायचा कुठे? दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, पाळणाघर झालंय त्याचं.

वैद्य वहिनी (बी-५०३): यावर उपाय आहे. माझं माहेर पार्ल्याचं. आमच्या आईकडे मुंबई ग्राहक पंचायतीचा संघ होता. १९७५ पासून चाललंय त्यांचं. शेजारची कुटुंबं मिळून एक संघ. महिन्याची यादी भरायची, पैसे आधी द्यायचे. सगळ्यांचा माल एकाच घरी उतरायचा आणि मग ज्याचं त्याने वाटून न्यायचं. दुकानाचं भाडं नाही, नोकर नाहीत, म्हणून भाव खाली. आमच्या दिवाणखान्यात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसायची आणि चहाचं आधण उतरत नसे. पण एक होतं, जो वाटपाला येत नाही त्याच्याबद्दल बायका पुढचा महिनाभर बोलत.

शबाना ताई (सी-१०२): हे आपण करू शकतो. मी शनिवारी यार्डात जातेच, माझा टेम्पो अर्धा रिकामा येतो. पाच-सहा घरांनी मिळून एक पोतं डाळ, एक पोतं गहू, तेलाचे दोन डबे. सुरुवातीला एवढंच. जास्त प्रकार घेतले की वाटपात भांडणं होतात.

चेअरमन साहेब (ए-७०१): सोसायटीच्या आवारात व्यापार करायला परवानगी नाही. कृपया नोंद घ्यावी.

कुलकर्णी काका (बी-२०१): साहेब, नफा नाही तिथे व्यापार कसला? पोतं ज्या भावाला आलं त्याच भावाला वाटलं जाईल, पावती ग्रुपवर टाकू.

चेअरमन साहेब (ए-७०१): क्लब हाऊस रविवारी सकाळी १० ते १२. नंतर झाडून द्यायचं. आणि पोती लिफ्टमधून न्यायची नाहीत.

रोहन (ए-६०१): साहेब, लिफ्टवर ६ व्यक्ती, ४०८ किलो लिहिलंय. पोतं एका माणसापेक्षा हलकं आहे.

चेअरमन साहेब (ए-७०१): पोतं फुटलं तर माणूस सांडत नाही.

सुनंदा काकू (सी-३०४): यात त्यांचं बरोबर आहे. पोतं खालीच फोडा, प्रत्येकाने आपली पिशवी आणावी.

संजय कदम (ए-१०३): पण मग आपल्या गेटवरच्या वाण्याचं काय? तो तोंडावर काही बोलणार नाही, पण बघतो सगळं.

सुनंदा काकू (सी-३०४): आला का कळवळा, बादल्या तिकडून आणताना कुठे गेला होता?

वैद्य वहिनी (बी-५०३): नाही, प्रश्न रास्त आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्याने गेटवर पिशव्या आणून दिल्या होत्या, आणि महिनाभर पैसेही मागितले नाहीत कोणाकडे. डाळीत पोरकिडे निघाले तर तो हसत बदलून देतो. यार्डातल्या पोत्यात निघाले तर कोणाकडे जाणार? मी जिरे, मोहरी, हिंग, गूळ, पोहे त्याच्याकडूनच घेणार. शंभर ग्रॅम सुटे मसाले त्याच्याकडे पाकिटापेक्षा स्वस्तच पडतात, पाकिटात आपण खोक्याचे आणि जाहिरातीचे पैसे भरतो.

कुलकर्णी काका (बी-२०१): मान्य. शिवाय त्याच्याकडे वही चालते. महिन्याच्या २५ तारखेला वही किती उपयोगी पडते ते मला ३२ वर्षं पगारावर काढल्याने ठाऊक आहे.

अमृता (बी-४०२): मग माझं ठरलं. डाळ, गहू, तेल ताईंबरोबर. साबण वगैरे डी-मार्ट, पण यादी लिहून आणि नवऱ्याला न नेता. बाकी किरकोळ वाण्याकडे. ताई, माझी ८ किलो डाळ आणि १५ किलो गहू लिहा. तेल ५ किलो.

वैद्य वहिनी (बी-५०३): डाळ ५, गहू १०.

सुनंदा काकू (सी-३०४): माझा गहू भरून झालाय. डाळ ४. वजनकाटा माझ्याकडे आहे, तागडीचा. त्या इलेक्ट्रॉनिकची बॅटरी ऐनवेळी जाते.

रोहन (ए-६०१): मी एकटाच राहतो, डाळ २ किलो चालेल का? आणि निवडायला येतो, सांगितलंय.

कुलकर्णी काका (बी-२०१): चालेल. माझी डाळ ३. पैसे गुरुवारपर्यंत ताईंकडे. टेम्पोभाडं आणि हमाली किलोच्या हिशेबाने वाटायची, घरटी नाही. नाहीतर रोहनवर अन्याय होईल.

शबाना ताई (सी-१०२): आतापर्यंत डाळ २२ झाली. पोतं ३० चं आहे. ८ किलोला अजून कोणी घ्या, नाहीतर उरलेली मी मेसला घेते, पण मग पुढच्या वेळी कोणी माझी डाळ संपवली म्हणू नका.

संजय कदम (ए-१०३): ताई, ५ माझी लिहा.

सुनंदा काकू (सी-३०४): 👀

संजय कदम (ए-१०३): आणि मीठ पण आणता का यार्डातून?

शबाना ताई (सी-१०२): मीठ वाण्याकडून घ्या, संजयभाऊ. पैसे गुरुवारी.