‘स्टॅटिक’ पत्ता : स्थिर, स्थावर की नेमलेला?

प्रश्न : नागपुरातील तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांसाठी मी लिनक्सची मराठी टिपणे तयार करीत आहे. व्हर्च्युअल मशीनला (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकाला) ‘स्टॅटिक आयपी’ (आयपी म्हणजे यंत्राचा नेटवर्कवरचा अंकी पत्ता) देण्याच्या प्रकरणात मी ‘स्थिर पत्ता’ असे लिहिले, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले की, स्थिर असेल तर तो बदलता कसा येतो? ‘अचल’ किंवा ‘स्थावर’ अधिक योग्य ठरेल काय?

पहिले उत्तर : शंका रास्त आहे, कारण ‘स्थिर’ हे विशेषण पत्त्याचा गुण सांगते, तर येथे सांगायचे असते ते पत्ता कोणी दिला एवढेच. डीएचसीपी सर्व्हर (नेटवर्कवरील यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी यंत्रणा) पत्ता देतो तो ठरावीक मुदतीसाठी, आणि निम्मी मुदत सरली की यंत्र स्वतःच नूतनीकरणाची विनंती पाठवते. या व्यवहाराला ‘लीज’ म्हणतात. त्यासाठीचा ‘पट्टा’ हा शब्द नझूलच्या (सरकारी मालकीच्या) जमिनींमुळे नागपूरकरांना नवा नाही. म्हणून तो ‘पट्ट्याने मिळालेला पत्ता’. (टंकलेखनात या दोन शब्दांचा घोटाळा होण्याचा धोका मात्र आहे.) याउलट नेटप्लॅनच्या (लिनक्समधील नेटवर्क-मांडणीच्या साधनाच्या) यामल फाइलमध्ये, म्हणजे मोकळ्या जागांनी रचना दाखवणाऱ्या मजकूर-फाइलमध्ये, डीएचसीपी बंद करून आपण १९२.१६८.१.५०/२४ असे स्वतः लिहितो, तेव्हा मुदतही नसते आणि नूतनीकरणही नसते. त्याला मी ‘नेमलेला पत्ता’ म्हणेन. ‘स्थावर’ नको, स्थावर मालमत्ता जागची हलत नाही, पण व्हर्च्युअल मशीनची प्रत काढली की हा पत्ता प्रतीबरोबर जातो आणि दोन यंत्रे एकाच पत्त्यावर हक्क सांगू लागतात.

दुसरे उत्तर : ‘नेमलेला’ अपुरा वाटतो. डीएचसीपी सर्व्हरवरही विशिष्ट मॅक पत्त्यासाठी (नेटवर्क कार्डाच्या ओळख-क्रमांकासाठी) एखादा आयपी बांधून ठेवता येतो. तो दर वेळी तोच मिळतो, तोही कोणीतरी नेमलेलाच असतो, पण मिळतो पट्ट्यानेच. त्याला ‘राखीव पत्ता’ म्हणावे आणि स्टॅटिकला ‘हाताने नेमलेला’. शीर्षकात मात्र ‘स्टॅटिक आयपी’ हेच ठेवावे, कारण सीताबर्डीत राउटर घ्यायला गेलेल्या विद्यार्थ्याच्या कानावर तोच शब्द पडणार आहे.

प्रश्नकर्ता : दोघांचेही आभार. ‘रेंज’साठीही (वाटायच्या पत्त्यांच्या सलग गटासाठी) मी ‘पट्टा’च लिहिले होते; आता तेथे ‘टप्पा’ केले आहे. सुधारलेले वाक्य असे : “डीएचसीपी ज्या टप्प्यातून पत्ते वाटते, त्याबाहेरचा पत्ता यंत्राला हाताने नेमावा आणि ‘नेटप्लॅन ट्राय’ ही आज्ञा द्यावी, १२० सेकंदांत आपण होकार दिला नाही, तर आधीची मांडणी परत येते.” यात ‘कॉन्फिगरेशन’साठी ‘मांडणी’ बरी की ‘जुळणी’, एवढे कृपया सांगावे.

पहिले उत्तर देणारे : ‘मांडणी’. ‘जुळणी’ सुट्या भागांची होते, आणि येथे तर यामलमध्ये एक मोकळी जागा चुकली तरी फाइल नाकारली जाऊ शकते.