अमेरिकेत संगीतशिक्षण बॉस्टनपासून सुरू झालं?

रेवाकाठ: "शाळेत बँड हवाच" या धाग्यावर शार्दूल यांनी ठोकून दिलंय की अमेरिकेत संगीतशिक्षण लोवेल मेसन या चर्च-संगीतकाराने १८३८ साली बॉस्टनमध्ये सुरू केलं, त्याआधी काही नव्हतं. हे डोक्यात गेलं म्हणून वेगळा धागा काढतेय. अमेरिका म्हणजे नुसतं यूएस नव्हे, अख्खं खंड. पेद्रो दे गांते हा ख्रिस्ती मिशनरी १५२३ साली मेक्सिकोत उतरला आणि तेश्कोको गावात तिथल्या मूळच्या नाहुआ लोकांच्या मुलांना गाणं, वाद्यं आणि स्वरलिपी शिकवू लागला. पुढे गवई-वादक इतके वाढले की १५५५ च्या तिथल्या चर्चच्या धर्मपरिषदेला ते कमी करण्याचा ठराव करावा लागला. बॉस्टन शहर वसलं १६३० ला! आणि गांतेच्याही आधी अ‍ॅझ्टेकांच्या राजधानीत, तेनोच्तित्लानात, कुइकाकाल्ली म्हणजे 'गाण्याचं घर' होतंच. तिथे पोरापोरींना संध्याकाळी गाणं-नाच शिकायला जावंच लागे. ती शाळा नव्हती?

शार्दूल: मी सरकारी शाळांबद्दल बोलत होतो. मेसनने हॉज शाळेत आधी फुकट शिकवून दाखवलं, मग शाळा समितीने गाणं इतर विषयांच्या रांगेत बसवलं. करदात्यांच्या पैशातून. मिशनऱ्यांना चर्चसाठी गवई हवे होते. धर्मांतराला शिक्षण म्हणायचं का?

रेवाकाठ: मेसनही चर्चचाच, स्तोत्रांची पुस्तकं विकून श्रीमंत झालेला. त्याच्या आधी शंभर वर्षं न्यू इंग्लंडात, म्हणजे बॉस्टनच्याच मुलखात, फिरते मास्तर हिवाळ्याच्या रात्री गावोगाव गाणं शिकवत होते. १८०१ पासून त्रिकोण-चौकोनी आकारांच्या स्वरांची पुस्तकं निघाली, शेतकरीसुद्धा वाचून गायला लागले. मेसनच्या मंडळींनी तेच गावठी ठरवलं. यूएसच्या दक्षिणेकडच्या राज्यांत लोक आजही तसंच गातात.

मेस्ताचो_नातू: शार्दूल, धर्मांतराचं राजकारण आम्हाला शिकवू नका. माझे आजोबा गोव्यात पॅरिश शाळेत (चर्चच्या शाळेत) मेस्ताकडे, म्हणजे संगीताच्या मास्तरांकडे, सोल्फा (डो-रे-मी) आणि व्हायोलिन शिकले. त्या जोरावर मुंबईच्या सिनेमा स्टुडिओंत वाजवून त्यांनी घर चालवलं. शिकवणाऱ्याचा हेतू काहीही असो, हात आजोबांचा होता. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियातल्या चिकितोस भागातही तेच. १७६७ ला तिथल्या जेझुइट मिशनऱ्यांना हाकललं, तरी गावकरी पिढ्यान् पिढ्या वह्या उतरवत, वाजवत राहिले. १९७० च्या दशकात चर्चच्या डागडुजीत त्यांची हजारो पानं सापडली.

षड्ज_पुणे: सगळे कागदाचंच कौतुक करताय. कागदाने कान मरतो. न्यू जर्सीतली माझी भाची परीक्षांमागून परीक्षा पास झाली. भूपाची सरगम घडाघडा म्हणते, पण तानपुरा छेडून सा लाव म्हटलं की चाचपडते. गुरूसमोर बसल्याशिवाय गाणं येत नाही.

मेस्ताचो_नातू: संगीतकाराने गुणगुणलेली चाल जागच्या जागी कागदावर उतरवणारे आमचे गोंयकारच होते. कानाशिवाय जमतं ते?

षड्ज_पुणे: स्टुडिओचं काम रागसंगीताला लावू नका.

मेस्ताचो_नातू: मग पलुस्करांना लावतो. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वरलिपीची पुस्तकं छापली. त्यांचा कान मेला होता का?

षड्ज_पुणे: पलुस्करांबद्दल नीट बोला! त्यांचे विद्यार्थी गुरूपाशी राहून शिकत. फार तर इतकंच मानतो की दोष परीक्षेच्या घाईचा आहे, लिपीचा कमी. यापुढे एक इंच सरकणार नाही.

शार्दूल: मूळ मुद्द्यावर येता का? माझ्या लेकीच्या शाळेत यंदा व्हायोलिनचा वर्ग बंद झाला. मास्तरीणबाई रडत होत्या. कॅलिफोर्नियात १९७८ ला मालमत्ता कराला लगाम बसल्यावर शाळाशाळांतून संगीतशिक्षक गेले. पैसे आटले की पहिली कुऱ्हाड गाण्यावर. म्हणून मला १८३८ मोठं वाटतं, गावाने मत देऊन गाण्याचा खर्च उचलला. १५२३ आधीचं आहे, बरं, घ्या. पण ते फादरच्या मर्जीवर होतं.

रेवाकाठ: मग "सार्वजनिक पैशातून" असं लिहा, माझं भांडण संपलं. फक्त पैशाचाही इतिहास बॉस्टनला देऊ नका. मेक्सिकोत चर्चच्या गवयांना करमाफी मिळत होती, आणि १५६१ साली स्पेनचा राजा फिलिप दुसरा याने खर्चाचं कारण देत गवई-वादक कमी करा म्हणून फर्मान काढलं. तुमच्या लेकीचा वर्ग ज्या कारणाने बंद झाला, तेच कारण.