गारी बेटावरचा ७५ माइल बीच: आई-बाबांना बसच्या एकदिवसीय सहलीने न्यावे का?

कृष्णाकाठ:

नमस्कार. आम्ही ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला राहतो आणि ऑगस्टच्या मध्याला माझे आई-बाबा साताऱ्याहून पहिल्यांदाच इकडे येत आहेत. बाबांनी निवृत्तीपर्यंत एस.टी. चालवली. गारी बेटावर, ज्याला २०२३ पर्यंत सरकारी कागदपत्रांत फ्रेझर आयलंड म्हटले जात होते, प्रवाशांनी भरलेल्या बसगाड्या समुद्रालगतच्या ओल्या वाळूवरून धावतात, हे कळल्यापासून ते प्रत्येक फोनवर त्या बसविषयी विचारत आहेत. आईला मात्र तिथले गोड्या पाण्याचे तळे पाहायचे आहे. तिचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती व्यवस्थित चालते, पण पायऱ्यांना आधार लागतो. दोघेही शाकाहारी आहेत.

मार्गदर्शकासह बसने जावे, की फोर व्हील ड्राइव्ह गाडी भाड्याने घेऊन स्वतः जावे? बसने जायचे झाल्यास ब्रिस्बेन, नूसा, रेनबो बीच आणि हर्वी बे यांपैकी कुठून निघावे? आणि एवढ्या मोठ्या बेटासाठी एक दिवस पुरेल का? ज्यांनी वयस्कर मंडळींना नेले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रानवाट:

कृष्णाकाठ, तुमच्या घरच्यांसाठी बसच योग्य ठरेल आणि ती हर्वी बे येथूनच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रिस्बेनहून पहाटे निघून रात्री परत आणणाऱ्या सहलीही मिळतात, पण ब्रिस्बेन ते हर्वी बे हेच अंतर सुमारे ३०० किलोमीटर, म्हणजे एका बाजूने साडेतीन तासांच्या आसपास आहे, आणि त्यात बेटावरचे धक्के मिळवले तर आईंच्या गुडघ्यांना तो दिवस असह्य होईल. आदल्या दिवशी दुपारपर्यंत हर्वी बेला पोहोचून तिथे मुक्काम करावा आणि सहलीनंतरची रात्रही तिथेच काढावी. बसगाड्या बहुधा हॉटेलांच्या दारातून प्रवाशांना घेतात, त्यामुळे सकाळची धावपळही टळते.

स्वतः गाडी नेण्याच्या विरोधात मी आहे, तो केवळ तुमच्या आई-बाबांचा विचार करून. बेटावर डांबरी रस्ते जवळजवळ नाहीतच; आतल्या वाटा एकेरी, मऊ वाळूच्या आणि झाडांच्या मुळांनी उंचसखल झालेल्या आहेत. टायरमधील हवा किती कमी करायची, समोरून गाडी आली तर मागे कुठवर जायचे आणि ओढ्याने किनारा कुठे कापून नेला आहे, हे सगळे सांभाळताना चालवणाऱ्याला बेट दिसत नाही आणि मागे बसलेल्यांना गाडी रुतण्याची धास्ती सुटत नाही. बसचा चालक हाच मार्गदर्शकही असतो. तो त्या वाटांवर रोज जातो, गाडी उंच बांधणीची असते आणि बेटाचा वाहन परवाना, फेरी बोट व बहुतेक ठिकाणी जेवणही तिकिटातच धरलेले असते. तरी नोंदणी करताना यांतले काय समाविष्ट आहे, ते विचारून घ्यावे.

हर्वी बेहून बस रिव्हर हेड्सच्या धक्क्यावर जाते आणि तिथून फेरीने बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरते. वांगूल्बा क्रीकची फेरी अर्ध्या तासाची आणि किंगफिशर बेची सुमारे पाऊण ते एक तासाची आहे. पुढे बेट आडवे ओलांडून पूर्वेच्या महासागराकडे जायचे असते. त्या वाटेवर सेंट्रल स्टेशन हा जुना लाकूडतोड्यांचा तळ लागतो. वाळूवर एवढे घनदाट वर्षावन उभे राहू शकते, यावर तिथे गेल्याशिवाय विश्वास बसत नाही. वांगूल्बाचे पाणी इतके नितळ आहे आणि पांढऱ्या वाळूवरून इतके निःशब्द वाहते की ओढ्यात पाणी आहे हे क्षणभर लक्षातच येत नाही. तिथल्या सॅटिने वृक्षांचे लाकूड समुद्री किड्यांना दाद देत नाही, म्हणून ते सुएझ कालव्याच्या कामासाठी नेले गेले. ही वृक्षतोड १९९१ मध्ये थांबली आणि १९९२ मध्ये बेटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. २०२० च्या अखेरीस एका बेकायदा शेकोटीतून लागलेल्या वणव्यात बेटाचा सुमारे निम्मा भाग होरपळला, त्याच्या खुणाही चालक दाखवतात.

आईंचे तळे म्हणजे लेक मॅकेन्झी. बेटाचे मूळ रहिवासी असलेले बुचुल्ला लोक त्याला बूरांगूरा म्हणतात. ते समुद्रसपाटीपासून सुमारे १०० मीटर उंचीवर, वाळूच्या टेकड्यांमध्ये आहे. त्याला ना झरा, ना नदी. केवळ पावसाचे पाणी, आणि ते झिरपून जाऊ नये म्हणून तळाशी कुजलेल्या पाल्याचा व वाळूचा घट्ट थर बसलेला आहे. काठची वाळू जवळजवळ शुद्ध सिलिकाची आहे. सहल निवडताना ठिकाणांची संख्या मोजू नका. तळ्यावर किती वेळ थांबतात, तेवढे विचारा. अर्ध्या-पाऊण तासात आटोपणारी सहल मी तरी घेणार नाही. निवांत बसण्यासाठी किमान सव्वा तास हवा.

दुपारी ७५ माइल बीच येतो. हा किनारा अधिकृत महामार्ग मानला जातो. वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे आणि त्याच वाळूवर छोटी विमानेही उतरतात. ईलाय क्रीक, माहेनो जहाजाचा सांगाडा आणि रंगीत वाळूचे सुळके, म्हणजे पिनॅकल्स, हे तीन थांबे बहुतेक सहलींत असतात. माहेनो १९०५ मधले प्रवासी जहाज होते, पहिल्या महायुद्धात ते रुग्णालय जहाज झाले आणि जुलै १९३५ मध्ये मोडीत काढण्यासाठी जपानकडे ओढून नेत असताना वादळात दोर तुटून या किनाऱ्यावर लागले. आता ते इतके गंजले आहे की जवळ जाण्यास मनाई आहे.

एका दिवसात बेट पाहून होत नाही, हे खरे आहे. त्याची लांबी १२० किलोमीटरहून अधिक आहे. पण तुमच्या आई-बाबांच्या ज्या दोन इच्छा आहेत, त्या एका दिवसात नीट पूर्ण होतात.

सागरवेळ:

रानवाट यांच्याशी एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. बाबांना वाळूवरची बस हीच मुख्य गोष्ट वाटत असेल, तर रेनबो बीचहून निघणाऱ्या सहलीचाही विचार व्हावा. तिथून इन्स्किप पॉइंटला जाऊन बार्जने, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या सपाट बोटीने, जेमतेम १० मिनिटांत बेटाच्या दक्षिण टोकावर, हूक पॉइंटला उतरता येते, आणि तिथून उत्तरेकडे निघाल्यावर वाळूवरचा प्रवास लगेचच सुरू होतो. हर्वी बेच्या सहलीत वाळूवर तीसेक किलोमीटर जाणे आणि तेवढेच परत येणे होते. इकडून ते अंतर बरेच वाढते. शिवाय रेनबो बीच ब्रिस्बेनला जवळ पडते. या बाजूच्या गाड्या अनेकदा लहान असतात, गट छोटा असतो आणि चालकाशी बोलणे होते.

रानवाट:

सागरवेळ यांचा मुद्दा रास्त आहे आणि बाबा एकटे जात असते तर मीही तेच सुचवले असते. मात्र छोट्या गाड्यांत आतल्या वाटांवर धक्के अधिक जाणवतात आणि काही गाड्यांत बाजूला तोंड करून बसावे लागते. आईंसाठी तो त्रास मोठा आहे. म्हणून मी हर्वी बेवर ठाम आहे.

दर्यावर्दी:

मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, म्हणून भरती-ओहोटीविषयी लिहितो, कारण या सहलीचे सगळे वेळापत्रक तिच्यावर ठरते. भरतीच्या वेळेच्या आधीचे आणि नंतरचे दोन तास त्या किनाऱ्यावर गाडी चालवू नये, असा तिथला दंडक आहे. ओहोटीने उघडी पडलेली ओली वाळू घट्ट आणि सपाट असते, तिच्यावरून जड बसही सहज जाते. भरतीने ती झाकली की वरची कोरडी, भुसभुशीत वाळू तेवढी उरते आणि चाके तिच्यात बसतात. कोकणातल्या किनाऱ्यांवर पर्यटकांच्या गाड्या रुततात आणि मग लाटांत सापडतात, त्याचे कारणही हेच आहे.

म्हणून तारीख ठरवण्याआधी क्वीन्सलंड सरकारचे भरतीचे कोष्टक पाहावे आणि ज्या दिवशी ओहोटी दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान आहे, असा दिवस निवडावा. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे आज भर दुपारी भरती असली, तर साधारण आठवड्याने त्याच वेळी ओहोटी असते. कंपन्या भरती पाहून थांब्यांचा क्रम बदलतात आणि कधीकधी पिनॅकल्सपर्यंत न जाता अलीकडूनच वळतात. तो निर्णय चालकाचा असतो आणि त्यावर हुज्जत घालू नये. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती अधिक वर चढते, म्हणून ते दिवस शक्यतो टाळावेत.

जास्वंद:

माझ्या सासूबाईंना घेऊन आम्ही याच सहलीला गेलो होतो, त्यावरून व्यवहारातल्या काही गोष्टी लिहिते.

बस उंच असल्यामुळे दाराच्या पायऱ्याही उंच आहेत. चालक पायाखाली छोटे स्टूल ठेवू शकतो का, हे नोंदणीच्या वेळीच विचारावे आणि गुडघ्यांची अडचण लेखी कळवावी. जागा मागच्या चाकांच्या पाठीमागे अजिबात घेऊ नये, कारण तिथे प्रत्येक उसळी दुप्पट जाणवते. पुढच्या दोन-तीन रांगा मागून घ्याव्यात. बाबांनाही तिथून चालकाचे हात आणि समोरची वाळू दोन्ही दिसतील. आईंच्या कमरेमागे छोटी उशी द्यावी. सेंट्रल स्टेशनजवळ ओढ्याकाठच्या लाकडी वाटेवर जिना आहे. आईंना तो नको वाटला तर वरच्या मोकळ्या जागेत बसता येते, पण त्यांना एकटे बसवू नये. कारण पुढे लिहिते.

स्वच्छतागृहे सेंट्रल स्टेशन, लेक मॅकेन्झी आणि ईलाय क्रीक येथे आहेत, उघड्या किनाऱ्यावर मात्र काहीच नाही. प्रत्येक थांब्यावर गरज नसली तरी जाऊन यावे.

शाकाहारी जेवण आधी सांगितले तर मिळते. आमच्या जेवणात सॅलड, पाव, भाज्या आणि फळे होती. पोट भरले, पण वयस्कर माणसांना ते जेवल्यासारखे वाटत नाही. घरून दशम्या, चटणी आणि थोडे सुके खाणे न्यावे, मात्र ते बसमध्ये किंवा जेवणाच्या कुंपण घातलेल्या जागेतच खावे. तळ्याच्या काठावर पाण्याखेरीज काहीही खाण्यापिण्याचे न्यायचे नाही, आणि त्याचे कारण डिंगो आहेत.

हे रानटी कुत्रे दिसायला आपल्या गावातल्या कुत्र्यांसारखे बारीक आणि गरीब वाटतात, म्हणूनच आपल्या ज्येष्ठांना आधी समजावून सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे दारी आलेल्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकणे हे पुण्य मानले जाते. तिथे तो गुन्हा आहे आणि त्याला जबर दंड आहे. माणसांकडून खायला मिळू लागले की ते भीती सोडतात, अंगावर येतात आणि शेवटी त्यांनाच मारावे लागते. २००१ मध्ये एका नऊ वर्षांच्या मुलाचा डिंगोंच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. डिंगो जवळ आला तर पळू नये, त्याच्याकडे तोंड करून, हात छातीशी घेऊन, एकमेकांजवळ राहून सावकाश मागे यावे. मुले सोबत असतील तर ती हाताच्या अंतरावरच हवीत.

कृष्णाकाठ:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. बाबांशी बोलले, आईला त्रास होणार असेल तर वाळूवरचे अंतर कमी चालेल, असे त्यांनी स्वतःहून सांगितले, त्यामुळे हर्वी बे निश्चित. भरतीचे कोष्टक पाहून आठवड्याच्या मधला, दुपारी एकच्या सुमारास ओहोटी असलेला दिवस निवडला आहे आणि पुढच्या जागा व गुडघ्यांविषयी कंपनीला लिहिले आहे. आता दोनच प्रश्न. ऑगस्टमध्ये तळ्यात उतरता येईल का? आणि आईला समुद्राला पाय लावायची फार इच्छा आहे, ते सुरक्षित आहे का?

रानवाट:

तळ्याचे पाणी ऑगस्टमध्ये चांगलेच थंड असते. सवय नसलेल्यांनी गुडघाभर पाण्यात उभे राहावे, तेवढ्यानेही समाधान होते. काठ उथळ आणि वाळू मऊ आहे. उन्हाचे मलम लावून पाण्यात उतरू नये. या तळ्याला बाहेर वाहून जाण्याची वाट नाही. जे पाण्यात मिसळते ते तिथेच साचते. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे आणि टोपी हाच चांगला उपाय. दिवसा हवा छान असते, पण सकाळच्या फेरीवर बोचरा वारा लागतो. स्वेटर आणि कानटोपी न्यावी. तिसरा दिवस मोकळा असेल तर हर्वी बेतच हंपबॅक देवमासे पाहण्याची बोट घ्यावी, ऑगस्ट हा त्यांचा ऐन हंगाम आहे.

दर्यावर्दी:

पूर्व किनाऱ्याच्या समुद्रात पोहण्यास कोणीही उतरू नये. तिथे जीवरक्षक नाहीत, आत ओढणारे प्रवाह जोरदार आहेत आणि शार्क आहेत. आईंनी घोट्याइतक्या पाण्यात, तुमचा हात धरून, शांत लाट पाहून उभे राहायला हरकत नाही. त्याहून चांगली जागा ईलाय क्रीक आहे: पाणी उथळ, तळाला वाळू, आणि ओढा समुद्राला मिळतो तिथे दोन्ही पाणी एकाच ठिकाणी भेटते. फक्त एक ध्यानात असू द्या, तो किनारा रस्ता आहे. लाटांच्या आवाजात मागून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकूच येत नाही, तेव्हा बसमधून उतरून पाण्याकडे जाताना आणि परतताना दोन्ही बाजूंना पाहूनच आईंना पुढे न्या. छोटी विमानेही त्याच पट्ट्यावर उतरतात; विमान येताना दिसले तर चालक सांगेल त्या बाजूला थांबून राहा.