टाकी नसलेला हीटर: आधी पाण्याचा हिशोब करा, मग ॲम्पिअरचा

एकाने विचारलंय की ६० ॲम्पिअर सिंगल फेजच्या घरात (म्हणजे एकाच फेजवर जास्तीत जास्त ६० ॲम्पिअर करंट) टाकी नसलेला, पाणी वाहतानाच तापवणारा इलेक्ट्रिक हीटर चालेल का, आणि बरेच जण म्हणतायत की फक्त जाड वायर टाका. मला ते पटत नाही, वायर ही शेवटची गोष्ट आहे, आधी पाणी किती आणि किती अंशांनी तापवायचंय ते बघा. मिनिटाला १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण ०.०७ किलोवॉट लागतात, म्हणजे मिनिटाला ८ लिटरचा शॉवर आणि १५ वरून ४० अंश म्हटलं तर झाले १४ किलोवॉट, २३० व्होल्टला ६१ ॲम्पिअर! अख्खं कनेक्शन त्यातच संपलं, बाकी घर अंधारात. आणि हिशोब हिवाळ्यातल्या गार पाण्यावरच करा, उन्हाळ्यात काय कुठलाही हीटर पुरतो.

थ्री फेज कनेक्शन असेल तर लोड तीन फेजमध्ये वाटला जातो, तेच १४ किलोवॉट दर फेजला २० ॲम्पिअरच्या आसपास येतात, पण हीटर थ्री फेजचा हवा.

कनेक्शन वाढवता येत नसेल तर शॉवरहेड कमी फ्लोचा लावा, मिनिटाला ५ लिटरला पावणेनऊ किलोवॉटमध्ये भागतं, किंवा प्रायॉरिटी रिले बसवा, हीटर चालू असताना तो विजेची शेगडी वगैरे बंद ठेवतो. आणि प्लीज एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) ट्रिप होतोय म्हणून नुसता मोठा एमसीबी टाकू नका, वायर तीच राहिली तर ती भिंतीच्या आत तापत राहते. टाकीवाला हीटर पाणी आधीच हळूहळू तापवून ठेवतो, त्याला २ किलोवॉट म्हणजे ९ ॲम्पिअर पुरतात, तोही पर्याय सोडू नका.