शिकीने हायकू वाचवला की वाळवला?

भटका_गोपाळ: इथे काल कुणीतरी लिहून गेलंय की हायकू या छोट्या जपानी कवितेचा कवी मासाओका शिकी म्हणजे 'बाशोवर (त्याच्या दोनशे वर्षं आधीचा थोर हायकूकार) जळणारा पेपरवाला, त्याने हायकूतलं अध्यात्म काढून नुसती वर्णनं ठेवली'. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. अहो १८९३ मध्ये त्याने 'निप्पोन' पेपरात बाशोला झोडपलं तेव्हा बाशोचा पार देव झाला होता, पूजा जोरात आणि वाचन शून्य. शिकी एवढंच म्हणाला की हजारेक हायकूंत बऱ्या असतील दोनशे, बाकी भरताड. आणि बुसोन? त्याला तोवर लोक चित्रकार म्हणून ओळखायचे, कवी म्हणून वर काढला तो शिकीने.

कडूकारलं: तो कुणीतरी मीच. १८९८ मध्ये हाच गृहस्थ जुना दरबारी कवी त्सुरायुकी सुमार आणि त्याने संपादलेला कोकिनशू हा कवितासंग्रह रद्दी म्हणाला, म्हणजे हजार वर्षांची परंपरा एका फटक्यात गटारात. आणि स्वतःची गाजलेली हायकू काय, तर 'कोंबड्याची फुलं, चौदा-पंधरा असतील'. बस्स! खुद्द त्याचा चेला क्योशी, त्यानेसुद्धा निवडक संग्रहात ही घेतली नाही.

भटका_गोपाळ: आणि साइतो मोकिचीसारख्या नंतरच्या मोठ्या कवीने तीच डोक्यावर घेतली ते सोयीस्कर विसरलात. मणक्याचा टीबी होता हो, उठून फुलं मोजायला जाता येत नव्हतं, म्हणून 'असतील'.

सुमन_ताई: त्या मणक्याच्या जखमांचं ड्रेसिंग रोज कोण करत होतं ते पण लिहा की. बहीण रित्सू. आणि हे महाशय १९०१ च्या खाजगी वहीत तिला लाकूड-दगडासारखी, माया नसलेली म्हणतात. माझे सासरे अंथरुणाला खिळले होते तेव्हा पू, वास, रात्रीच्या हाका सगळं मी केलंय, आणि भेटायला येणारे त्यांना विचारायचे 'सून नीट बघते ना?' मला तुमच्या वास्तववादाचं कौतुक सांगू नका.

भटका_गोपाळ: ताई त्याच वहीत त्याने हेही लिहिलंय की ती नर्स, मोलकरीण, घर सांभाळणारी आणि सेक्रेटरी सगळं आहे, ती एक दिवस नसली तर मी जगणार नाही. तिला एखादी भाजी नाहीतर लोणचं असलं की जेवण झालं, स्वतःसाठी मासे आणावेत हे तिच्या मनातही येत नाही, हे त्यानेच टिपलंय.

सुमन_ताई: टिपलं ना, मग अर्धा मासा तिच्या ताटात वाढायचा! स्वतः साशिमी, कच्च्या माशाचे काप, खायचा.

बॅटबॉल_बंड्या: बेसबॉलचं कुणी बोलतच नाही, २००२ मध्ये जपानच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलाय त्याला.

सुमन_ताई: बंड्या, तू गप रे. त्याच्या माघारी रित्सू शाळेत गेली, शिवण शिकली, तिथेच शिकवायला लागली. त्यावर धागा काढा एखादा.

कडूकारलं: विषय हायकूचा होता, सासऱ्यांचा नाही.

सुमन_ताई: तुमच्या घरात कोण आजारी पडलं की कोण उठतं रात्री, ते सांगा आधी.

कडूकारलं: पर्सनल जाऊ नका. असो, मरायच्या दोन दिवस आधीपर्यंत पेपरात सदर चालू होतं, एवढं मानतो. चिवट होता. पण मराठीत हायकू आणणाऱ्या शिरीष पैंनंतर जो तो थेंब-पान-चिमणी पाडत सुटलाय त्याचं मूळ या 'दिसेल ते लिहा'तच आहे.

भटका_गोपाळ: हो हो, तेही पाप शिकीच्याच माथी मारा.